दुसऱ्या कुणी चालवून पाहिलं का?

१२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी शून्याखाली वीस. दारापुढचा बर्फ काढला. दहा वाजता पिस्तूल बनवणाऱ्या कंपनीला फोन केला. बावीस मिनिटं थांबावं लागलं. नोरीन नावाच्या बाईंनी पिस्तुलावरचा क्रमांक आणि माझा पत्ता लिहून घेतला. दुरुस्तीचा अर्ज आणि खोक्यावर चिकटवायचा कागद दुपारी ईमेलने आले. जेवायला कालचं सूप.

माझी बायको आर्डिस जाऊन आज अठरा आठवडे झाले.

ही वही कार्नाने नाताळात दिली. कार्ना आमची मुलगी, फार्गो शहरात असते. तिचं म्हणणं, बोलत नाही तर निदान लिहा. काउंटीचा सर्व्हेयर म्हणून मी चाळीस वर्षं मोजणीच्या वह्या लिहिल्या, पण त्यांत आकडे असत. त्यामुळे ही दीड महिना कोरीच राहिली. आज एक काम सुरू झालं आहे, त्याची नोंद असावी म्हणून उघडली.

पिस्तूल आर्डिसचं. तळहातावर मावेल एवढं. २०१७ च्या शरदात मीच घेऊन दिलं. ती तेव्हा काउंटीची परिचारिका होती आणि बर्फातून एकटी दूरच्या शेतांवर जायची. कामावर असताना ते जवळ ठेवायची परवानगी नाही हे घेतल्यावर कळलं. मग ते फक्त गुरुवारचं झालं. मर्लच्या बंदुकांच्या दुकानामागे, जुन्या दूध डेअरीत, गुरुवारी संध्याकाळी बायकांची नेमबाजी असते.

२०१९ च्या उन्हाळ्यात ते अडकायला लागलं. लहान पिस्तुलांचा हा स्वभावच. मनगट घट्ट नसेल तर काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर पडण्याऐवजी मध्येच उभी राहते. मर्लकडे कुणाचंही अडकलं की बाकीचे एका सुरात "मनगट!" म्हणतात. तिथली रीत आहे ती. मी तिला न्यायला जायचो तेव्हा मीही म्हणायचो. घरीसुद्धा. बरण्यांची झाकणं मी फार घट्ट लावतो. ती उघडायला तिने हाक मारली की मी "मनगट!" म्हणत स्वयंपाकघरात जायचो. ती हसायची.

त्याच ऑक्टोबरात तिने गुरुवार सोडला. कंटाळा आला म्हणाली. मार्च २०२१ मध्ये डॉक्टरांनी एएलएस सांगितलं. एकेक स्नायू सोडून जातो, तो आजार.

शनिवारी पिस्तूल विकायला मर्लकडे नेलं होतं. तो म्हणाला, "अडकणारं पिस्तूल कुणाच्या गळ्यात मारू? कंपनीची जन्मभराची हमी आहे, पाठव त्यांच्याकडे." म्हणून हे सगळं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

अर्ज भरायला दुपार गेली. सात प्रश्न आहेत. पहिल्या पाचांची उत्तरं लिहिली. सहावा असा: दुसऱ्या कुणी चालवून पाहिलं का? त्यांच्या हातातही असंच होतं का?

मी ते कधी चालवलं नाही. माझ्या हाताला लहान पडतं. प्रश्न कोरा ठेवला.

पिस्तुलाच्या टोकावरच्या नेमाच्या ठिपक्याला आर्डिसने नखांचा शेंदरी रंग लावला आहे. मर्लकडच्या सगळ्या बायका लावतात, ठिपका उठून दिसतो. तिने नंतर कधीतरी दुसरा हातही दिला असावा, कारण वरचा थर कडेवरून खाली ओघळला आहे. तिचं काम असं नसे. लसीकरणाच्या नोंदी ती छापल्यासारख्या लिहायची. घाईत असेल.

अर्जाच्या तळाशी लाल पेनाने लिहिलं: रंग पुसू नये.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

खोकं बांधलं. आत काडतूस नाही हे तीन वेळा पाहिलं, बोट घालूनही पाहिलं. गोळ्यांचं मॅगझिन वेगळ्या पिशवीत, अर्ज वर. खोक्यावर आत काय आहे ते कळेल असं काही लिहायचं नाही, अशी सूचना होती. मायनॉटला कुरिअरच्या खिडकीवर दिलं. खिडकीतल्या मुलीने कागद वाचून एकदा वर पाहिलं आणि सही घेतली. खोकं रबरी पडद्यातून आत जाईपर्यंत मी उभा राहिलो. मागच्या माणसाला खाकरावं लागलं.

घरी यायचं नव्हतं. तळ्यापर्यंत गेलो, परत फिरलो, पुन्हा गेलो. येताना मर्लच्या दारात गाड्या दिसल्या. ट्वायलाचा हिरवा पिकअप होता. ट्वायला ब्रँडव्होल्ड आर्डिसची तीस वर्षांची मैत्रीण. दोघी गुरुवारी एकाच गाडीने जायच्या, आर्डिसला आणायला मी जायचो. थांबलो नाही.

१७ फेब्रुवारी, शनिवार

खोकं कुठवर पोचलं ते कॉम्प्युटरवर दिसतं. सकाळपासून अकरा वेळा पाहिलं. आठव्या वेळेपासून तेच शहर दिसतंय.

कोटाचं बटण तुटलं म्हणून तिच्या शिवणाच्या कपाटातली बटणांची बरणी काढली. झाकणाला धरून उचलली, झाकण हातात राहिलं आणि बरणी खाली. फुटली नाही. बटणं मात्र घरभर. गुडघ्यावर बसून तासभर गोळा केली, तरी स्टोव्हखाली गेलेली राहिलीच. कोटाला लागेल असं एकही सापडलं नाही.

मग फडताळातल्या मागच्या बरण्या पाहिल्या. लवंग, सुके वाटाणे, रानतांदूळ, तमालपत्र. तिने भरलेल्या, तिच्या अक्षरात तारखा घातलेल्या. २०१९, २०२०. एकाही बरणीचं झाकण लावलेलं नव्हतं, नुसतं वर ठेवलेलं. एवढी व्यवस्थित बाई आणि हे असं. रबरी फडकं घेऊन सगळी पिळून घट्ट केली. मनगट दुखलं. बरं वाटलं.

१८ फेब्रुवारी, रविवार

प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी. ट्वायलाला गाठलं. पिस्तूल कंपनीकडे पाठवल्याचं सांगितलं आणि विचारलं, ते तिने कधी चालवलं होतं का, तिच्या हातात अडकायचं का. तिने कपात साखर घातली. ती साखर घेत नाही. म्हणाली, इतक्या वर्षांपूर्वीचं कुणाला आठवतंय. मग माझ्या कोटाकडे बघून म्हणाली, "ओरिन, तुझं बटण कुठं गेलं? दे इकडे, मी लावते." मी म्हटलं राहू दे. तिने पाद्रीबाईंना हाक मारली आणि आइस फिशिंगचा विषय काढला. ट्वायलाला माशांचं काडीचं प्रेम नाही.

तिची स्मरणशक्ती अशी की तीस वर्षांपूर्वी मी एका लग्नात कुठला टाय घातला होता ते सांगते. वय झालं, दुसरं काय.

२१ फेब्रुवारी, बुधवार

कंपनीच्या नोरीनबाईंचा फोन. पिस्तूल पोचलं. सहावा प्रश्न कोरा का, म्हणून विचारत होत्या.

"सर, पत्नींशिवाय आणखी कुणी चालवलंय का ते?"

मी म्हटलं, ठाऊक नाही.

"तुम्ही?"

मी म्हटलं, नाही.

"एकदाही नाही?"

नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग पत्नींनाच विचारता का? मी थांबते फोनवर."

ती गेल्याचं सांगितलं. त्यांनी माफी मागितली. माझीच चूक, अर्जात कुठेच लिहिलं नव्हतं.

फोन ठेवल्यापासून एका जागी बसवत नाही. गॅरेज झाडलं. नट-बोल्टचे पाने आकाराप्रमाणे लावलेलेच होते, ते काढून पुन्हा लावले. माझ्या हाताखाली जी पोरं शिकली त्यांना पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट सांगायचो: एकाने एकदा घेतलेलं माप हे माप नव्हे. दुसऱ्याने घ्यायचं, उलट बाजूने घ्यायचं. चाळीस वर्षांत एकाही कुंपणाची रेघ मी परत मोजल्याशिवाय सही केली नाही. आणि हे पिस्तूल पूर्ण उन्हाळा माझ्यासमोर अडकत होतं. हात पुढे करून "दे, मी पाहतो" एवढं म्हणायचं होतं.

२५ फेब्रुवारी, रविवार

कार्नाचा फोन. "बाबा, ते परत आणून करणार काय तुम्ही? मला नको, तुम्हाला नको." मी म्हटलं, बिघडलेली वस्तू बिघडलेली ठेवू नये. ती म्हणाली, उन्हाळ्यात गवतकापणी यंत्र बिघडलं तेव्हा तर तुम्ही ते पडू दिलंत. खरं आहे.

इथे लिहायला हरकत नाही. पिस्तुलात बिघाड निघाला, तर मी तिला उन्हाळाभर विनाकारण चिडवलं आणि तिचा एकुलता छंद सोडायला लावला. बिघाड निघाला नाही, तर तिचा हात तेव्हाच जात होता, आणि मी हसत होतो. दोन्हींपैकी बिघाड परवडेल. बिघाडच हवा आहे. लोखंडाचा दोष असावा अशी प्रार्थना आज चर्चमध्ये मी जवळजवळ केली.

डॉक्टर म्हणाले होते, लवकर कळून फारसा फरक पडला नसता. "फारसा" हा शब्द त्यांनी वापरला होता.

२ मार्च, शनिवार

पाच दिवस लिहिण्यासारखं काही नाही. दिवसातून तीनदा टपालपेटीपर्यंत जातो, टपाल एकदाच येतं. अनवाणी पायाखाली दोन बटणं सापडली.

दारात बटाटे घालून भाजलेल्या हॉटडिशचं भांडं ठेवलेलं होतं, अजून कोमट. भांड्यावर पट्टी: ब्रँडव्होल्ड. ट्वायलाने घंटी वाजवली नाही. ती न बोलता जाणारी नव्हे.

५ मार्च, मंगळवार

खोकं आलं. सही करून घेतलं. टेबलावर ठेवून आधी कॉफी केली, मग प्यायलो नाही.

रंग तसाच आहे. ओघळासकट.

सोबत एक कागद. छापील चौकटींत "कोणताही भाग बदललेला नाही" यावर खूण. खाली कुणा कारागिराने हाताने लिहिलं आहे:

दीडशे काडतुसं चालवली. दोष आढळला नाही. हात मुद्दाम अगदी सैल सोडला असता दोनदा पुंगळी अडकली. पिस्तूल उत्तम आहे. घट्ट धरावं.

६ मार्च, बुधवार

कागद मर्लला दाखवला. त्याने चष्मा कपाळावर चढवून वाचला आणि मोठ्याने म्हणाला, "बघ! मी काय सांगत होतो? मनग—" आणि तिथेच थांबला. कागदाची घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा केली. बोटं साफ करायच्या चिंध्यांचा डबा काउंटरवर इकडचा तिकडे सरकवला.

"ओरिन, मला तसं म्हणायचं नव्हतं."

मी म्हटलं, माहीत आहे. तिथे जे सगळेच म्हणतात तेच तो म्हणत होता. त्याने पिस्तूल विकायला ठेवू का विचारलं. मी परत खिशात टाकलं.

कार्नाला फोन करायला उचलला, ठेवला. तीन वेळा.

७ मार्च, गुरुवार

पाच वाजता मर्लच्या दुकानासमोर गाडी लावून बसलो. सव्वापाचला ट्वायला आली. मला पाहून उतरली नाही, पलीकडचं दार उघडलं. "बस आत. दार जोरात ओढ, नाहीतर लागत नाही."

कागद दिला. तिने चालू इंजिनाच्या उबेत तो दोनदा वाचला.

"एवढ्यासाठी तीन आठवडे घेतले त्यांनी? मला विचारलं असतंस तर—"

"विचारलं होतं."

"हो," ती म्हणाली. "विचारलं होतंस."

मग सांगितलं. सप्टेंबर २०१९ मधला गुरुवार. आर्डिसचं पुन्हा अडकलं, पुन्हा सगळे ओरडले. बाकीच्या कॉफीला गेल्यावर आर्डिसने पिस्तूल तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, तू चालव. ट्वायलाने तीन मॅगझिन रिकामी केली. एकदाही अडकलं नाही. आर्डिसने परत घेतलं. दुसऱ्याच गोळीला पुंगळी उभी.

"तिने पिस्तूल खाली ठेवलं आणि उजव्या अंगठ्याखालचा मांसल भाग दाबून पाहिला. असा. नासपती पिकली का बघतो ना, तसा. मग डावा. मला विचारलं, दोन्ही सारखे दिसतात का गं? मी हो म्हटलं. दिसत नव्हते, ओरिन. उजवा बसला होता. ती नर्स, तिला मी काय फसवणार. पण तीही म्हणाली, हो, सारखेच आहेत."

काचेवर आतून वाफ धरली होती. ट्वायलाने बाहीने पुसली. दुकानात जाणाऱ्या एका बाईने हात केला, आम्ही दोघांनीही केला.

मी विचारलं, तिने मला सांगू नकोस म्हटलं होतं का.

"शपथ घातली. मी म्हटलं, डॉक्टरकडे जा, नाहीतर मी त्याला सांगते. तर म्हणाली, त्याला 'मनगट' म्हणू दे. तो हसतोय तोवर घरात दुसरं काही आलेलं नाही."

मी म्हटलं, दीड वर्ष.

"दीड वर्ष. मला तो शुद्ध वेडेपणा वाटला, आणि मी तसं तोंडावर सांगितलं. दोन आठवडे बोलत नव्हतो आम्ही. मग तीच आली, केक घेऊन. डब्याचं झाकण मला काढायला लावलं." ट्वायलाने कागद घडी करून माझ्या कोटाच्या खिशात घातला. "चर्चमध्ये तुला सांगणार होते. पण तुझा कोट उघडा, तू असा उभा. नाही जमलं."

ती म्हणाली, "राग कुणावर काढायचा ते ठरलं की सांग. मी गुरुवारी इथेच असते."

घरी आलो. आर्डिसने डिसेंबरात बिनलेसचे बूट मागितले होते, २०१९ च्या नाताळात. म्हणाली होती, वाकायचा आळस येतो. मी दुकानातून दोन जोड आणले होते, एक मला. अजून घालतो. हॉटडिशचं भांडं परत करायचं राहिलं.

८ मार्च, शुक्रवार

सकाळी मर्लकडे गेलो. नेमबाजीच्या पहिल्या खणात मी एकटाच होतो. पिस्तूल माझ्या हातात तितकं लहान पडत नाही. नेहमीसारखं धरून सहा गोळ्या: काही नाही. पुन्हा सहा: काही नाही. मग मनगट सोडलं. सैल, आणखी सैल, पेला धरायलाही घाबरावं इतकं. तिसऱ्या गोळीला अडकलं. रिकामी पुंगळी धुराड्यासारखी उभी राहिली.

कुणी काही ओरडलं नाही. मर्ल काउंटरशी माझ्याकडे पाठ करून उभा होता.

अडकलेली पुंगळी काढायला पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढावा लागतो. त्याला बराच जोर लागतो. उन्हाळाभर दर गुरुवारी ती तो ओढत होती आणि आम्ही मागे होतो. दुसरं माप घेऊन झालं. दोन्ही जुळतात.

पिस्तूल विकणार नाही. ट्वायलाला देईन. रंग पुसायचा नाही एवढं सांगेन.

कार्नाला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, आईने माझ्याकडेही त्या वर्षी स्वेटर मागितला होता, बटणं नसलेला. रविवारी येते म्हणाली. मी म्हटलं, ये.

दुपारी ऊन होतं. छपरावरून पाणी ठिबकत होतं. स्टोव्ह पुढे ओढून मागची बटणं काढली, एकोणीस निघाली. त्यांत कोटाचं एक होतं. चार भोकांचं, जवळजवळ तसंच. लावून टाकलं.

मग फडताळ उघडलं. लवंगेची बरणी घेतली, झाकण उलटं फिरवलं, सुटल्यावर ती ठेवायची तसं नुसतं वर ठेवलं. वाटाणे. रानतांदूळ. तमालपत्राचं मी फारच पिळलं होतं, त्याला फडकं लागलं. सगळ्या मागे होत्या तशा ओळीत लावल्या. बटणांची बरणी शेवटी राहिली. ती शिवणाच्या कपाटात नेली आणि झाकण वर ठेवलं.